खाजेची किंमत कोण मोजणार?

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, विरजणाच्या भांड्याशेजारी, गेली तीन वर्षे एक पांढरा पुठ्ठ्याचा खोका असतो. त्यात दोन भरलेल्या सुया असतात. आमच्या तालुक्याच्या गावात वीज अजूनही लहर लागेल तशी जाते. ती गेली की घरातली माणसे मेणबत्ती शोधतात आणि मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दारापाशी उभा राहतो, कोणी ते उघडू नये म्हणून. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे ते औषध आहे. माझ्या मुलीच्या इसबावरचे.

इसब हा शब्द ऐकून अनेकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो मला चांगला ओळखीचा आहे. ‘एवढेच ना?’ असा तो भाव असतो. काही जण त्याला नायटा समजतात आणि हळूच खुर्ची मागे सरकवतात. नायटा बुरशीमुळे होतो आणि तो लागतो. इसब लागत नाही. पण हे प्रत्येकाला सांगत कुठे बसणार? मुलगी पहिलीत असताना तिच्या बाकावर कोणी बसत नसे. मी त्याच गावात हायस्कुलात शिक्षक होतो, तरी मला ते दोन महिने कळले नव्हते.

तिचा जन्म 1993 चा. चौथ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे उठले, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचांत. रात्री ती झोपेत खाजवायची आणि सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. तिची आई तिच्या हातांना जुन्या धोतराच्या पिशव्या बांधून झोपवायची. आम्ही काय केले नाही? करंजाचे तेल झाले, कडुनिंबाच्या पाल्याच्या आंघोळी झाल्या, वांगे बंद, आंबट बंद, पुढे दूधही बंद. शेजारच्या काकूंनी सुचवलेला लेप झाला. प्रत्येकाकडे उपाय होता, आणि प्रत्येकाच्या ओळखीचे कोणीतरी त्याने बरे झाले होते.

मग 2003 साली, ती दहा वर्षांची असताना, घरात लग्न निघाले. अंगभर जखमा घेऊन पोर मांडवात कशी वावरणार, म्हणून मी तिला गावातल्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कमरेत एक सुई दिली. तिसऱ्या दिवशी कातडी स्वच्छ! लग्नात तिने बिनबाह्यांचा फ्रॉक घातला. तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. मी डॉक्टरांना मिठाई नेऊन दिली.

महिन्याभरात सगळे परत आले, पूर्वीपेक्षा जोराने. आम्ही परत गेलो. परत सुई. त्यानंतर सहामाही परीक्षा, स्नेहसंमेलन, दहावी. सोळाव्या वर्षापर्यंत अशा अकरा सुया झाल्या. चेहरा गोल झाला, वजन वाढले. आम्हाला वाटले, अंगी लागले. सुईचे नाव आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. ते दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइड होते, हे आम्हाला पुढे मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी जुन्या चिठ्ठ्या पाहून सांगितले. मुलीची उंची तिच्या आईपेक्षा बरीच कमी राहिली. ते त्या सुयांमुळेच झाले का, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण मला रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हाच हिशेब करीत असतो.

मी येथे स्टिरॉइडला शिव्या द्यायला बसलेलो नाही. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. 1950 साली त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. 1952 साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबावर यशस्वीपणे वापरून दाखवले. आजही योग्य ताकदीचे मलम, योग्य जागी, ठरावीक दिवस लावले तर बहुतेकांचे इसब आटोक्यात राहते. दोष औषधाचा नाही. ते कशासाठी, किती दिवस आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे न विचारता वापरण्याचा आहे. मलमांचेही तेच झाले. गोरे होण्यासाठी, नायट्यासाठी, कशाहीसाठी दुकानातून ट्यूब नेणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती मनाई काउंटरवर किती पाळली जाते, ते वाचकांनी आपापल्या गावात पाहावे.

पण टोचायच्या स्टिरॉइडची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण आपल्या मनात सुईला एक मान आहे. गोळी दिली तर डॉक्टर साधा. सुई दिली तर डॉक्टर चांगला! रोगी सुई मागतो, डॉक्टर देतो, आणि तिसऱ्या दिवशी गुण दिसतो. मग दोष कोणाचा? मी त्या डॉक्टरांना एकट्याला दोष देत नाही. मिठाई मी नेली होती.

आता फ्रिजमधल्या सुईकडे येतो. मिरजेच्या डॉक्टरांनी मुलीला आधी सायक्लोस्पोरिन दिले, मग मेथोट्रेक्सेट. एकाने रक्तदाब वाढला, दुसऱ्याने यकृताच्या चाचण्या बिघडल्या. 2022 साली ते म्हणाले, “आता एक नवे इंजेक्शन आहे. पण घाई करू नका. घरी जाऊन विचार करा.” सुई देण्याआधी विचार करायला सांगणारा डॉक्टर मी प्रथमच पाहत होतो.

त्या औषधाचे नाव ड्युपिलुमॅब. 2017 च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रौढांच्या मध्यम ते तीव्र इसबासाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे लहान मुलांसाठी आणि 2022 मध्ये सहा महिन्यांच्या बाळापर्यंत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावले, ते माझ्या भाषेत सांगतो. शरीरातल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यांतले दोन, इंटरल्युकिन-4 आणि इंटरल्युकिन-13, हे मुळात जंतांसारख्या परजीवींशी लढण्याच्या कामाचे. इसबात शत्रू नसतानाच हे निरोप सुटत राहतात. कातडीची भिंत कमकुवत होते, खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. हे दोन्ही निरोप ज्या एका कडीतून आत जातात, त्या कडीवर ड्युपिलुमॅब जाऊन बसते. स्टिरॉइड म्हणजे दोन घरांतल्या भांडणासाठी अख्ख्या गावात संचारबंदी. हे औषध त्या दोनच घरांची दारे लावते.

आणि म्हणूनच, पहिली सुई देण्याआधी, पोटात जंत असतील तर त्यावर उपचार करून घ्यावे लागतात. इतक्या महागड्या औषधाची सुरुवात आमच्या घरी जंताच्या गोळीने झाली, याचे मला हसू आले होते.

पहिल्या दिवशी दोन सुया, मग दर पंधरवड्याला एक. आता ती मांडीवर स्वतःच टोचून घेते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “बाबा, मी रात्रभर झोपले.” एवढेच. एकोणतीस वर्षांच्या मुलीने हे वाक्य उच्चारावे आणि आई-बापांना ते विशेष वाटावे, यात काय ते आले.

तरीही चमत्काराची भाषा मला करायची नाही. ज्या दोन मोठ्या चाचण्यांवर हे औषध उभे आहे, त्यांचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले. दर पंधरवड्याला औषध घेणाऱ्यांपैकी सोळा आठवड्यांनी शंभरातल्या सुमारे 36 ते 38 जणांची कातडी स्वच्छ किंवा जवळजवळ स्वच्छ झाली. नुसते पाणी टोचल्यासारखे खोटे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 8 ते 10 होते. म्हणजे निम्म्याहून अधिक लोक पूर्ण स्वच्छ झाले नाहीत, जरी त्यांतल्या अनेकांचा त्रास बराच कमी झाला. मुलीच्या कोपरात अजून थोडे आहे. तिचे डोळे मधून मधून लाल होतात, थेंब घालावे लागतात; हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. आणि हे औषध रोग मुळातून काढत नाही. थांबवले तर तो परत येऊ शकतो.

मग प्रश्न येतो पैशाचा. 2017 साली अमेरिकेत याची वर्षाची छापील किंमत 37 हजार डॉलर होती. आपल्याकडे कमी आहे, पण महिन्याच्या दोन सुयांना माझे महिन्याचे निवृत्तिवेतन पुरत नाही. मुलगी सहकारी बँकेत नोकरी करते, तिचा पगार त्यात जातो. आणि गावाकडचा जमिनीचा एक तुकडा गेला. विमा होता. विमा नियामकाने 2019 साली काही आधुनिक उपचारांची यादी करून ते वगळू नयेत असे कंपन्यांना सांगितले आणि त्या यादीत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचा उल्लेख आहे. ड्युपिलुमॅब याच जातीचे. पण हे संरक्षण इस्पितळात दाखल झालेल्यांना किंवा डे-केअरला. आमच्या विमा कंपनीने कळवले की रुग्ण दाखल नव्हता. पंधरा मिनिटांच्या सुईसाठी खाट अडवली असती तर पैसे मिळाले असते. घरी टोचून ती खाट दुसऱ्यासाठी मोकळी ठेवली, हा आमचा गुन्हा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःलाही घेतला आहे. ज्या देशात क्षयाने माणसे मरतात, तेथे खाजेवर इतका खर्च मागायचा? खाजेने कोणी मरत नाही, हे खरे. पण वर्षानुवर्षे झोप न लागलेला मुलगा अभ्यासात मागे पडतो, तरुण माणूस नोकरी सोडतो, मुलगी पाहायला आलेले लोक तिच्या बाह्यांकडे पाहतात. हे सगळे कोणत्या रकान्यात लिहायचे? मोजत नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून मोजत नाही, असे हे आहे.

सर्वांना ही सुई द्या, असे माझे म्हणणे मुळीच नाही. बहुतेकांना ती लागतच नाही. आंघोळीनंतर ओल्या अंगावर साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल, सौम्य साबण, आणि गरज पडेल तेव्हा डॉक्टरच्या देखरेखीखाली मलम, एवढ्यावर त्यांचे भागते. हे आम्हाला 1993 साली कोणी नीट सांगितले असते तर पुढचे बरेच टळले असते. पण ज्या थोड्यांना इतर औषधे लागू पडत नाहीत, त्यांच्यासाठी काही व्यवस्था हवी. इंग्लंडमध्ये 2018 साली अशी सोय झाली: किमान एक जुने औषध घेऊन गुण आला नसेल तरच सरकारी खर्चाने ड्युपिलुमॅब द्यायचे, आणि सोळा आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही तर थांबवायचे. गरज तपासा, गुण तपासा, मग पैसे द्या. एवढी साधी अट आपल्या विमा कंपन्यांना घालता येणार नाही काय? ‘दाखल होता का?’ याऐवजी ‘गुण आला का?’ असे विचारले तर कोणाचे बिघडेल?

आणि किमतीचे म्हणाल, तर आशेला जागा आहे. मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार करण्याची रीत केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 साली शोधली. तिचे पेटंट कोणी घेतले नाही. त्या मोकळ्या वाटेवरूनच पुढचे सारे उद्योग चालत आले. आपल्या देशातील कंपन्यांनी 2007 साली रिटुक्सिमॅब आणि 2014 साली ॲडलिमुमॅब ही याच जातीची औषधे स्वतः बनवून बरीच स्वस्त बाजारात आणली. तेव्हा हे आपल्याला जमत नाही असे नाही. ड्युपिलुमॅबची पाळीही यावी; आणि ती यायला वर्षे लागणार असतील तर तोवरची सोय सरकारने आणि विम्याने करावी.

मात्र स्वस्त झाल्यावर ही सुईसुद्धा मिठाईच्या बदल्यात मिळू लागली, तर आपण काहीच शिकलो नाही असे होईल. म्हणून प्रत्येक आई-बापाला माझे एकच सांगणे आहे: टोचण्याआधी नाव विचारा. चिठ्ठीवर लिहून मागा. डॉक्टर रागावला तर दुसरा गाठा. मी अकरा वेळा विचारले नाही.

परवा रात्री पुन्हा वीज गेली. मी सवयीने फ्रिजपाशी जाऊन उभा राहिलो. अंधारात कानोसा घेतला. मुलीच्या खोलीतून पूर्वी नखांचा आवाज यायचा, कोरड्या पानावर काडी घासावी तसा. तो आला नाही. तासाभराने वीज आली, तरी मी थोडा वेळ तिथेच उभा होतो.