भिडेची साक्ष

जुन्या मासिकांत केशतेलें नि शक्तिवर्धक चूर्णें यांच्या जाहिरातींखालीं प्रशंसापत्रें छापीत. कोणी मामलेदार, कोणी हेडमास्तर सहीनिशीं लिही कीं, दोन बाटल्यांत गुण आला. ज्यांस गुण आला नाहीं त्यांचीं पत्रें अर्थातच कारखानदाराच्या फडताळांत रहात. परंतु पत्रें निवडणारा कोण हें वाचकास ठाऊक असे. आज तीच प्रशंसा मोबाइलच्या पडद्यावर पांच ताऱ्यांच्या रूपानें येते, आणि निवडणारा हात मात्र दिसत नाहीं.

पनवेलजवळ विचुंबे येथें आमच्या आप्तांपैकीं एका कुटुंबांतील सूनबाई स्वयंपाकाच्या चित्रफिती प्रसिद्ध करतात. एका कारखान्यानें त्यांस 'प्रामाणिक अभिप्रायासाठीं' म्हणून मिक्सर विनामूल्य पाठविला. महिनाभर वापरून त्यांनीं सांगितलें कीं, चटणी उत्तम होते, पण इडलीचें पीठ वाटतांना मोटार तापून जळका वास येतो. दुसऱ्याच दिवशीं फोन आला. त्यांत धमकी नव्हती. उलट आर्जवच होतें. "ताई, तेवढें वाक्य काढाल का? पुढची वस्तु तुमच्यासाठींच राखून ठेवली आहे." सूनबाईंनीं वाक्य काढलें नाहीं, आणि पुढची वस्तुही आली नाहीं.

घरांत यावरून दोन तट पडले. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, फुकट घ्यावें आणि वर नांवें ठेवावीं हें बरें दिसत नाहीं. हें मत आम्हांस मान्य नाहीं. तथापि तें हसण्यावारी नेण्याजोगेंही नाहीं. पाहुणे म्हणून गेल्यावर आमटी खारट झाली तरी आपण बोलत नाहीं, हा आपल्याकडील संस्कार; आणि व्यापारी याच संस्काराचें भांडवल करतो. परंतु यजमानाची खारट आमटी खाणारे आपण असतों. मिक्सरची वाखाणणी ऐकून घरखर्चांतून चार हजार रुपये काढणारी गृहिणी त्या पंक्तीस बसलेलीच नसते. मिंधेपणा एकीचा, आणि नुकसान दुसरीचें! भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती येथें भीक दुसऱ्याच्या दारीं नेऊन ठेवते.

आर्जव न चालल्यास वकील येतो. एप्रिल २०२३ मध्यें रेवंत हिमत्सिंग्का यांनीं बोर्नव्हिटांतील साखरेवर टीका केली. कंपनीची नोटीस येतांच त्यांनीं चित्रफीत मागें घेतली. त्याच वर्षाअखेरीस कंपनीनें त्यांतील साखर कमी केली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. मात्र परीक्षकासही मोकळें रान नसावें. पॅराशूट तेलाविषयींच्या खटल्यांत जानेवारी २०२० मध्यें मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं टीकेची चित्रफीत काढावयास लावली, तेव्हां ज्याचें हजारों लोक ऐकतात त्यानें सामान्य माणसाहून अधिक शहानिशा करावी, असें म्हटलें होतें. अपिलांत त्या हुकुमास स्थगिति मिळाली. परंतु हें म्हणणें आम्हांस रास्त वाटतें.

आपल्याकडे जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें परीक्षकानें कंपनीशीं असलेला संबंध उघड करावयाचा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्यें भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या अभिप्रायांविषयीं मानक काढलें, तें ऐच्छिक. अमेरिकेंत २०२४ च्या नियमानें अनुकूल मताच्या अटीवर मोबदला देणेंच निषिद्ध ठरविलें. तेथील कंझ्युमर्स युनियन या नांवानें निघालेली संस्था तर १९३६ पासून परीक्षेची वस्तु दुकानांतून पैसे टाकून विकत आणते. आमच्या मतें खरी मेख येथेंच आहे. 'वस्तु भेट मिळाली' एवढें सांगितल्यानें मागून आलेला तो फोन कोणास ऐकूं येत नाहीं.

तूर्त गृहिणींनीं पांच ताऱ्यांचे अभिप्राय बाजूस ठेवून तीन ताऱ्यांचे आधीं वाचावे. त्यांत बहुधा स्तुति नि तक्रार दोन्ही सांपडतात. खोक्यांत 'पांच तारे द्या, शंभर रुपये परत घ्या' अशी चिठ्ठी निघाल्यास ती बिलासह जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर कळवावें.