शब्दांची गोष्ट : मधुर

मुलांनो, कानाला जीभ असते का? नसते ना! तरीही आपण म्हणतो, 'तिचा गळा गोड आहे', 'त्याचं बोलणं तिखट आहे'. चव खरी जिभेची. पण भाषेनं ती कानालाही देऊन टाकली. आजचा आपला शब्द त्यातलाच : मधुर.

'मधुर' हा शब्द संस्कृतातला. त्याच्या पोटात 'मधु' म्हणजे मध आहे. मधासारखं गोड ते मधुर. मोहाचं झाडही याच घरातलं बरं का! संस्कृतात त्याचं नाव 'मधूक'. प्राकृतात त्याचं 'महुअ' झालं आणि मराठीत 'मोह'. त्याची फुलं गोड असतात ना! (लाडू पाहून होतो तो 'मोह' मात्र निराळा हं.)

हे घराणं थेट रशियापर्यंत पसरलंय. रशियन भाषेत मधाला 'म्योद' म्हणतात आणि अस्वलाला 'मेदवेद'. म्हणजे काय, ठाऊक आहे? मध खाणारा!

इंग्रजीत गोड, ओघवत्या आवाजाला 'मेलिफ्लुअस' म्हणतात. लॅटिनमध्ये 'मेल' म्हणजे मध आणि 'फ्लुएरे' म्हणजे वाहणं. 'मधु' आणि 'मेल' यांचं मूळ वेगळं. पण दोन्हीकडच्या माणसांना मधच आठवला! चमच्यातून मध ओतून पाहा. शिंतोडे नाहीत, घाई नाही. एकच संथ, अखंड धार.

याच्या उलट शब्द 'कर्कश'. त्याचा मूळ अर्थ खरखरीत, कठीण. म्हणजे तो आला स्पर्शाकडून!

आता एक मनातली गोष्ट. आमच्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा हल्ली धडा वाचायला उठतच नाही. त्याचा आवाज फुटलाय. मध्येच घोगरा, मध्येच चिरका. की मुलं हसतात. मुलांनो, या वयात गळ्यातल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. नव्या तारांची सवय व्हायला थोडा काळ लागतो, इतकंच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हसण्यासारखं तर मुळीच नाही.

शिवाय गोडवा काय फक्त गळ्यात असतो? 'मधाचं बोट लावणं' म्हणजे नुसती आशा दाखवून झुलवणं. तिथं मध आहे, पण खरेपणा नाही. उलट भांडण झाल्यावर मित्र घोगऱ्या आवाजात विचारतो, "डबा खाल्लास का रे?" ते मधुर नाही तर काय!

पालकहो, घरात कुणाचा आवाज फुटला असेल, तर गमतीनंसुद्धा त्याची नक्कल करू नका. त्याला रोज पानभर मोठ्यानं वाचायला सांगा आणि शेवटपर्यंत ऐका.

आणि मुलांनो, या आठवड्यात एक काम. आवाजासाठी आपण वापरतो असे दहा शब्द वहीत लिहा : मंजुळ, खणखणीत, किनरा... पुढचे तुम्ही शोधा. प्रत्येकापुढे लिहा, तो जिभेकडून आला, हाताकडून, की थेट कानाकडून!