अंगणाखालची टाकी

दिवाळी अंकाच्या संपादकीयात वाङ्मयाच्या योगक्षेमाविषयी चार शब्द लिहावेत आणि लेखक-वाचकांस शुभेच्छा देऊन मोकळे व्हावे, असा रिवाज आहे. परंतु ज्या सणात लक्ष्मी म्हणून आपण प्रत्यक्ष केरसुणीला हळदकुंकू वाहतो, त्या सणाच्या अंकात सेप्टिक टाकीचा विषय काढल्याने औचित्यभंग होतो, असे आम्हांस वाटत नाही.

टाकी बांधली, वर फरशी बसविली, की मैल्याचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, अशी सुशिक्षित गृहस्थाचीही प्रामाणिक समजूत असते. वास्तविक मैल्यातील जड भाग टाकीच्या तळाशी बसतो, हवेवाचून जगणारे जंतू त्याचे अंशतःच विघटन करतात, आणि उरलेला गाळ वर्षानुवर्षे साचून पाण्याची जागा बळकावतो. मग नवे सांडपाणी निवळण्यापूर्वीच बाहेर पडते, आणि शोषखड्डा नसेल तर गटारातून नदीत, असला तरी विहिरीला खेटून असेल तर कोकणातल्या सच्छिद्र जांभ्यातून पिण्याच्या पाण्यात, विषमज्वराची आणि काविळीची बीजे घेऊन शिरते. टाकी तुंबेपर्यंत घरधन्याला याची गंधवार्ता नसते. तुंबल्यावर बोलावलेली गाडी तो गाळ कोठे रिता करते, याची चौकशी तर कोणीच करीत नाही.

म्हणूनच वाई आणि सिन्नर येथील नगरपालिकांनी २०१८ पासून, तक्रारीची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी पाळीपाळीने घरोघरच्या टाक्या उपसण्याचा जो प्रघात घातला, तो आम्हांस पुष्कळशा गाजलेल्या योजनांहून मोलाचा वाटतो. खर्च स्वच्छता-करातून भागतो, दारात आलेल्या गाडीला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात जातो. विश्वकोशाच्या नोंदी जेथे सिद्ध झाल्या, त्याच वाईत टाक्यांच्याही नोंदी ठेवल्या जाव्यात, यात आम्हांला तरी काही विसंगत दिसत नाही.

माझ्या आवारात सरकारी अंमल कशाला, असा आक्षेप येईल. पण भूगर्भातले पाणी सातबाऱ्याची हद्द मानीत नाही. शिवाय संरक्षक साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरले असता तशा मृत्यूंच्या वार्ता अद्याप येतातच. तेव्हा भोगवटा दाखला देण्यापूर्वी टाकीचे झाकण उघडते काय आणि गाडीची नळी तेथवर पोचते काय, एवढे तरी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहावे, आणि पुढे त्या झाकणावर फरशी ठोकणाऱ्यास, त्याचा हुद्दा न विचारता, दंड करावा.