आधी बजेट सांगू नका

सदर : बाजारहाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापूरच्या नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी वाढते. वडील पुढे, पोरगं मागे, आई दाराशी पिशवी सांभाळत. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले, सीईटीचे फॉर्म तर त्याआधीपासूनच. दर वेळी सायबर कॅफेत नंबर लावून घर वैतागलेलं असतं आणि "आता एक घेऊनच टाकू" हा ठराव रात्री जेवताना पास झालेला असतो. अडचण एवढीच, की ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्यालाच त्यातलं सगळ्यात कमी कळतं.

काउंटरमागचा मुलगा चांगला असतो. पाणी विचारतो, खुर्ची देतो आणि मग म्हणतो, "काका, बजेट किती?"

माझं म्हणणं असं, की या प्रश्नाला उत्तर देऊ नये. निदान पहिली दहा मिनिटं तरी. तुम्ही "चाळीस हजार" म्हणालात की त्याच्या डोळ्यांसमोर चाळीस हजारांत बसणारा आणि दुकानात पडून असलेला माल येतो. त्यात त्याचा दोष नाही, तो धंदा करतोय. पण तुमचं काम काय, हा विषय तिथेच मिटतो. पुढचा अर्धा तास रंग, वजन आणि मोफत मिळणारी बॅग यांवर चर्चा होते.

तेव्हा आधी काम सांगा. आणि त्याहून आधी, खरंच कॉम्प्युटर लागतो का, हे घरीच ठरवा. आपल्याच जिल्ह्यात, परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. ते कोड स्कॅन करायला साधा मोबाइल पुरे होता. बघणं, ऐकणं, लाईटबिल भरणं, पुण्यातल्या नातवाशी बोलणं हे सगळं मोबाइलवर होतं. पण चार पानं लिहायची असतील, हिशेब ठेवायचा असेल, टॅलीत नोंदी करायच्या असतील, टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, तर मोबाइलवर माणूस रडकुंडीला येतो. अशा कामासाठी कॉम्प्युटर घ्यावा. फक्त यूट्यूब बघण्यासाठी घेत असाल तर ते पैसे टीव्हीवर घाला, डोळे तरी वाचतील.

आता दुकानातली भाषा. "आय-सेव्हन आहे काका, टॉपचा प्रोसेसर," असं सांगून जुनं मशीन गळ्यात मारण्याचा प्रकार इतका सर्रास चालतो, की त्यावर थोडं सविस्तर लिहायलाच हवं. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले कॉम्प्युटर पुसून-पासून बाजारात येतात. दुकानात त्यांना रिफर्ब म्हणतात. त्यात वाईट काही नाही, सांगून विकलं तर. पण डब्यावर आय-सेव्हनचं स्टिकर असतं आणि आत ३७७० नंबरचा प्रोसेसर. डॅशनंतरचा पहिला आकडा पाहा : ३. म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. याउलट साधा आय-थ्री असेल पण नंबर १२१५यू असेल, तर पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. हा बारावीतला धाकटा त्या तिसरीतल्या थोरल्याला घरच्या कामात आरामात मागे टाकतो, वीजही कमी खातो.

आणि मुद्दा नुसत्या वेगाचा नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळण्याची सोय ठेवली, एवढंच. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली चालत नाही. जुगाड करून टाकून देणारे आहेत, पण मग एखादं अपडेट येईनासं झालं तर तक्रार कुणाकडे करणार? म्हणून सेकंडहँड घ्यायचाच असेल तर आठव्या पिढीच्या खालचा फुकट दिला तरी विचार करून घ्या. नव्या मशिनांवर इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून ते 'आय' अक्षरच काढून टाकायला सुरुवात केली. कोअर ५, कोअर अल्ट्रा अशी नावं दिसली तर डुप्लिकेट म्हणून घाबरू नका.

एएमडीवाल्यांचं वेगळंच. रायझन ७३२०यू असं नाव ऐकलं की सातहजारी, म्हणजे ताजा माल वाटतो. त्यातला पहिला ७ हा मॉडेलचं वर्ष, २०२३, सांगतो. खरं गुपित तिसऱ्या आकड्यात, २ मध्ये आहे. आतली रचना झेन २, म्हणजे मुळात २०१९ ची. शिवाय या प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते. "आता आठ जीबी घ्या, नंतर वाढवू" असं दुकानदार म्हणाला तर ते वाढवणं जन्मात व्हायचं नाही. इथे एकच वाक्य बोलायचं : "रॅम वाढवता येते, असं बिलावर लिहून द्या." चेहरा पाहण्यासारखा होतो.

किती रॅम लागते? घरच्या कामाला आठ जीबी चालते, पण पाच-सात वर्षं वापरायचा असेल तर मी सोळाच म्हणेन. अडचण अशी, की एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या शेवटापासून, रॅमचे भाव चढले. अमेरिकेत कुणाला कविता करणारं यंत्र हवं आणि त्याचा भुर्दंड विडी घरकुलातल्या पोराच्या लॅपटॉपला! म्हणून ज्यात रॅमची एक जागा मोकळी आहे असं मॉडेल शोधा. आठ आज, आठ पुढे. साठवणुकीला एसएसडीच पाहिजे, निदान २५६ जीबीची. सेलेरॉन प्रोसेसर आणि ६४ जीबी ईएमएमसी असा स्वस्त लॅपटॉप दिसायला देखणा असतो, पण विंडोजच्या अपडेटांनीच वर्षभरात तो भरून जातो आणि मग धड बंदही होत नाही. सगळ्यात जास्त पस्तावलेले लोक मी या मशीनचे पाहिलेत.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. मशीन चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. एक खिडकी उघडते. तिथे परफॉर्मन्स हा भाग काढा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, डिस्क एसएसडी आहे की जुनी हार्डडिस्क, सगळं तिथे लिहिलेलं. स्टिकर खोटं लावता येतं, इथे सहसा नाही. मागच्या महिन्यात एका रिटायर गुरुजींनी माझ्यादेखत हे केलं. नातवाने बटणं दाबली, गुरुजींनी चष्मा पुसून एकेक आकडा वहीत उतरवून घेतला. काउंटरवरचा मुलगा आधी हसला. मग त्याने आतून दुसरा डबा आणला.

लॅपटॉप की डेस्कटॉप, यावर सोलापुरात निराळा विचार करावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. डेस्कटॉप घेतला की यूपीएस आलाच. त्याची बॅटरी आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत मान टाकते, हा खर्च कुणी आधी सांगत नाही. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते, पण त्याला श्वास घ्यायला जागा लागते. थंड हवा आत ओढणारी जाळी बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते आणि आपण तो पलंगावर जाड सोलापुरी चादरीवर ठेवून बसतो. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर जगात कुठेही पाठवा, फक्त लॅपटॉपखाली घालू नका. पंखा किंचाळायला लागतो, मशीन संथ होतं, आणि दोष कंपनीला.

मुलगा पुण्याला शिकायला जाणार असेल तर प्रश्नच नाही, लॅपटॉप. घरी साठीच्या पुढची माणसं वापरणार असतील तर मला चौदा-पंधरा इंचांचा पडदा क्रूर वाटतो. त्यांच्यासाठी साधा लॅपटॉप आणि जोडीला बावीस-चोवीस इंचांचा वेगळा मॉनिटर, एचडीएमआय केबलने जोडलेला. लाईट गेली तरी काम बुडत नाही आणि अक्षरंही दिसतात. पडद्यामागेच सगळं बसवलेला ऑल-इन-वन मात्र शोकेसमध्ये छान दिसतो, बिघडला की सगळा एकदम उचलून न्यावा लागतो. मी घेणार नाही.

न्यायचा कुठे, हा प्रश्न माझ्या मते प्रोसेसरइतकाच मोठा. विकत घेण्याआधी विचारा : वॉरंटी ऑनसाइट आहे का? म्हणजे माणूस घरी येणार का? आणि ४१३००१ ला येतो की फक्त पुण्यात? कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकून हे दुकानातच बघता येतं. नाहीतर लॅपटॉप मांडीवर घेऊन सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, पुण्याला अडीचशे किलोमीटर जायचं, "पार्ट मागवावा लागेल" ऐकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत. वंदे भारतने गेलात तरी पार्ट लवकर येत नाही. इंटरनेटवर दीड हजारांनी स्वस्त मिळालेल्या मशीनची किंमत अशा एका फेरीत वसूल होते. गल्लीतला दुरुस्तीवाला ज्या कंपनीचं नाव घेतल्यावर तोंड वाकडं करत नाही, त्या कंपनीला मी मनात दोन मार्क जास्त देतो.

बिल घ्या. "बिनबिलाचं घेतलं तर जीएसटी वाचेल काका," हे वाक्य कुठल्या ना कुठल्या काउंटरवर कानावर पडतंच. कॉम्प्युटरवर अठरा टक्के कर आहे, मोह होतो. पण मशीनचा सिरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल हातात नसेल तर वॉरंटीला आणि तक्रारीला आधार काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. ऑनलाइन मागवलेल्या मालाचा विक्रेता बंगळुरूला असला तरी तक्रार सोलापुरात चालते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

आता पैसे दिलेत, डबा फुटला, आणि मुलगा म्हणतो, "थांबा काका, सेटअप करून देतो." इथेच खरं जागं राहायचं. विंडोज ११ चालू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. घाईत तो स्वतःचा किंवा दुकानाचा ईमेल टाकून मोकळा होतो. विंडोज ११ च्या २०२४ पासूनच्या आवृत्तीत बहुतेक नव्या मशिनांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची किल्ली, अठ्ठेचाळीस आकड्यांची, त्या खात्यात जाऊन बसते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला की पडदा किल्ली मागतो आणि किल्ली अशा मुलाच्या ईमेलमध्ये, जो नोकरी सोडून हैदराबादला गेलाय. सोबत मिळालेलं ऑफिसही त्याच खात्याला बांधलेलं. तेव्हा खातं तुमचं, मोबाइल नंबर तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत.

"अँटीव्हायरस टाकू ना?" असंही तो विचारेल. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या क्विक हीलचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. तरी विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो आणि घरच्या बेताच्या वापराला तो पुरतो. जास्तीचा हवा असेल तर सावकाश घ्या, काउंटरवर घाईने नको.

मराठी फॉन्ट टाकून देण्याचे वेगळे पैसे मात्र अजिबात देऊ नका. हे गेल्या जमान्यातलं दुखणं आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की चिनी वाटायचा. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच येतो : रोमन बटणांवर उच्चाराप्रमाणे लिहा, अक्षरं देवनागरीत उमटतात आणि युनिकोडमध्ये असल्याने कुठेही पाठवता येतात. तेलुगू आणि कन्नडचेही कीबोर्ड त्याच यादीत आहेत. आपल्या शहराच्या पूर्व भागात अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आजी तेलुगूत बोलते, सून मराठीत आणि विजापूरकडचा पाहुणा कन्नडात. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबत गेलं की भाषा बदलत जाते. एवढं त्या मुलाकडून दुकानातच बसवून घ्या आणि तिन्ही भाषांत आपापलं नाव टाइप करून बघा.

राहता राहिला घरातला जुना. तो टाकायची घाई नको. आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि नुसता रेंगाळत असेल तर हार्डडिस्क काढून एसएसडी बसवा, जमलं तर रॅम वाढवा, आणि कदाचित नवा घ्यायचा विचारच मागे पडेल. त्याहून जुना असेल तर लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकून देणारा कुणी इंजिनिअरिंगचा पोरगा ओळखीत असतोच. आणि एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर हार्डडिस्क काढून घरी ठेवा. चार स्क्रूंचं काम आहे. त्यात तुमचं आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं आणि मुलीच्या लग्नाचे फोटो असतात. दुकानदार ती वजा करून दोन-तीनशे रुपये कमी देईल, देऊ द्या.

– बाजारकरी