साठ गुणांची भाषा

सध्या कित्येक घरांत आई आणि लेक एकाच गाईडातून अभ्यास करताहेत. लेक नोकरी मिळावी म्हणून, आणि आई आहे ती नोकरी टिकावी म्हणून! १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी पास करायची, नाहीतर सक्तीची निवृत्ती. ज्यांची पाचहून कमी वर्षं उरली आहेत त्यांची नोकरी राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही.

महाराष्ट्रात ही परीक्षा सुरू झाली २०१३ साली. त्याआधी लागलेल्या बऱ्याच बाई आता पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत. वीस-वीस वर्षं शिकवल्यावर पुन्हा परीक्षा, म्हणून त्यांचा संताप मला समजतो. तरी परीक्षेला माझा विरोध नाही. आपल्या मुलांना शिकवणाऱ्यांची पारख व्हावी असं कोणत्या आईला वाटणार नाही?

पण पारख होते ती कशाची, ते बघा. पहिली ते पाचवीचा पेपर १५० गुणांचा, त्यात दोन भाषांचे मिळून ६०. सगळे प्रश्न पर्यायांचे. म्हणजे भाषा शिकवणाऱ्या बाईंनी एक वाक्य न लिहिता, एक वाक्य न बोलता, नुसते गोल रंगवून भाषेत पास व्हायचं! लाखो पेपर तपासायचे तर दुसरा उपाय नसेलही. पण शिक्षिका वाढते ती अशानं नाही.

माझी एक मैत्रीण नागपूरजवळच्या एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. बारावीनंतर डी.एड., लगेच नोकरी, मग संसार. मुलं मोठी झाल्यावर तिनं बी.ए. केलं आणि नोकरी सांभाळून बी.एड.ही केलं. मराठीच्या अध्यापनासाठी तिला कृतिसंशोधन करायचं होतं. तिनं काय केलं, महिनाभर वर्गातल्या पोरांची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली. ‘मले भूक लागली.’ ‘तुले कोनं सांगतलं?’ ‘माया डोया दुखते.’ आधी असल्या वाक्यांवर तिची लाल पेन्सिल फिरायची. आता वही चाळताना तिच्या ध्यानात आलं की पोरं मनाला येईल तसं बोलत नाहीत. मले, तुले, त्याले... प्रत्येक ठिकाणी ‘ला’च्या जागी ‘ले’. ‘ळ’च्या जागी ‘य’, म्हणून डोळा तो डोया आणि काळा तो काया. नियम पक्का आहे, फक्त पुस्तकातला नाही. डोया लिहिणारं पोर कानाला ऐकू येतं तेच इमानदारीनं लिहितं.

मग तिनं फळ्यावर दोन रकाने आखले, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. मुलं स्वतःच जोड्या लावू लागली. कधी तोंड न उघडणारी दोन पोरं घरचे शब्द सांगायला सगळ्यांत पुढे! “पंधरा वर्षं मी नुसत्या चुका मोजल्या गं,” ती मला म्हणाली. पुस्तकातली मराठी तिनं सोडलेली नाही, हे मुद्दाम सांगते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, आमच्या पोरांना बोलीतच ठेवता काय! परीक्षेला, अर्जाला प्रमाण मराठी लागतेच. पण तिथवर जायची वाट घरच्या बोलीतून जाते.

हे काही तिनंच शोधून काढलं असं नाही. फलटणच्या लोकांच्या बोलण्यावर मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन बाईंनी डॉक्टरेट केली, १९७३ साली. पुढे त्या फलटणलाच राहिल्या, प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवलं. अभ्यास आधी, शाळा नंतर. आपल्या वऱ्हाडी-नागपुरीची नोंद तर ग्रियर्सनसाहेबानं १९०५ मध्येच करून ठेवली आहे. डी.एड.ला मात्र हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, असं मैत्रीण म्हणते.

आता खर्चाचं बोलू. तिच्या बी.एड.ची फी तिनंच भरली, अभ्यास रात्री भांडी आवरल्यावर, सत्रं सुट्ट्यांत. पुरुष शिक्षकाला अभ्यासाला बसला की घरातून चहा येतो, हिला उठून तो करावा लागतो. अशा बाईला ‘दोन वर्षांत पास व्हा’ म्हणताना सरकारनं दोन वर्षांत शिकायची सोयही द्यायला हवी. त्याला फार पैसा लागत नाही. केंद्रावर शिक्षण परिषदा भरतात, त्यात परिपत्रकं कमी वाचून बाईंनी आपापल्या वर्गातली मुलांची वाक्यं मांडली तरी टीईटीच्या भाषा-अध्यापनाचा निम्मा अभ्यास होईल, आणि वर्गालाही उपयोग.

आणि आपण? शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. सहीपुरतं जाऊ नका. पुढच्या बैठकीत पोषण आहाराचं झालं की बाईंना विचारा, अभ्यासाला वेळ मिळतो का, आणि मिळत नसेल तर तसा ठराव लिहून पंचायत समितीकडे पाठवा.