कॅमेरा विकायची घाई करू नका

तुळशीचं लग्न लागलं की फोटोग्राफरच्या घरातली झोप उडते. पुढचे सहा-सात महिने मुहूर्तांचे. सकाळी हळद, दुपारी अक्षता, रात्री रिसेप्शन. मधे कुठेतरी उभ्याउभ्या खाल्लेली मठ्ठा-जिलबी. मी कराडात 22 वर्षं हेच केलं. मग दुकान बंद केलं.

बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात काय वाटतं, ते मला माहीत आहे. कॅमेरा नजरेसमोर नको होतो. सगळं विकून मोकळं व्हावंसं वाटतं. तुम्ही नुकताच हा धंदा सोडला असेल, किंवा यंदाचा सीझन शेवटचा असं ठरवलं असेल, तर माझं थोडं ऐका. घरच्यांनाही वाचायला द्या.

लगेच विकू नका. तीन महिने थांबा.

तुम्ही म्हणाल, फोटोचाच वीट आलाय. नीट आठवून बघा, वीट कशाचा आलाय? पाठदुखीचा. उधारीचा. अल्बम चौथ्यांदा दुरुस्त करण्याचा. ‘आमच्या मामांचा एकही फोटो कसा नाही?’ या फोनचा. एका लग्नात माझ्याकडून नवरीच्या आत्याबाई राहून गेल्या. त्या घरचे निम्मे पैसे अजून यायचे आहेत. आता या सगळ्यात फोटोचा दोष काय? वीट गिऱ्हाइकीचा येतो आणि राग कॅमेऱ्यावर निघतो.

या तीन महिन्यांत कॅमेरा हातात नाही घेतला तरी चालेल. पण तो नीट ठेवा. बॅटरी काढून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत पडलेल्या लेन्सला बुरशी लागते. माझ्या 50च्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले, तेव्हा मला अक्कल आली. चामड्याच्या पिशवीत तर ठेवूच नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा घ्या. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलला की पुड्याही बदला. स्वयंपाकाच्या तव्यावर त्या गरम करू नका. निळ्या दाण्यांच्या रंगात विषारी द्रव्य असतं. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. आणि डबा महिन्यातून एकदा उघडून बघा.

तीन महिन्यांनी विकायचं ते विका. मोठे लाइट, छत्र्या, सॉफ्टबॉक्स, ड्रोन, दुसरी बॉडी. बॉडीची किंमत दरवर्षी पडते, ती ठेवून काही हाती लागत नाही. चांगली लेन्स भाव जास्त दिवस धरून ठेवते. एक बॉडी, एक लेन्स, एक तिवई एवढं राहू द्या. आलेले पैसे घरात द्या. ते तुमच्या एकट्याचे नाहीत. सीझनमध्ये घर कुणी सांभाळलं, आठवा.

इथेच एक मोह असतो. ‘आता छंद म्हणून करायचं, तर पक्ष्यांचे फोटो काढू,’ असं वाटतं. भिगवणचे रोहित डोळ्यांसमोर येतात. मग लाखांतली लेन्स हप्त्यावर घ्यायची इच्छा होते. घेऊ नका. हप्ता आला की पुन्हा ऑर्डरी घ्याव्या लागतात, आणि तुम्ही फिरून त्याच मांडवात उभे राहता. छंदाला कर्ज काढायचं नाही, एवढा एक नियम पाळा. घरखर्चाला दुसरं काही नियमित सुरू आहे ना, हेही आधी बघा. नसेल, तर पासपोर्ट फोटोचं काम चालू ठेवायला लाजू नका. चार भिंतींतलं, वेळेचं काम आहे. माझं दोन वर्षं त्यावर निघालं.

गिऱ्हाइकांच्या जुन्या कामाचं काय करायचं, याचा विचार फारसा कुणी करत नाही. तुमच्या हार्डडिस्कमध्ये शेकडो घरांची लग्नं पडून आहेत. पुसून टाकू नका. एकेकाला फोन करा. ‘दुकान बंद केलंय, तुमचे फोटो हवे असतील तर अमुक तारखेपर्यंत पेनड्राइव्ह घेऊन या,’ असं सांगा. निगेटिव्ह असतील तर त्याही देऊन टाका. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांचे यजमान मधल्या काळात गेले होते. अल्बम पुरात भिजलेला. त्यांना त्या पेनड्राइव्हचं मोल काय होतं, ते मी सांगायला नको. हार्डडिस्क कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

आता नातेवाईक.

धंदा बंद केल्याचं कळलं की फोन येतात. ‘तुझ्याकडे कॅमेरा आहेच की. बारसं घरातलंच आहे. दोन तास ये फक्त.’ ते दोन तास सहा तासांचे होतात. मग अल्बमही मागतात. पैसे विचारायची सोय नसते. आवडीचं काम पुन्हा कपाळावर आठी आणणारं होतं.

भांडू नका. पण पहिल्यांदाच सरळ सांगा. ‘मी पाहुणा म्हणून येईन. मनात आलं तर चार फोटो काढीन, ते आहेर समज. फोटोग्राफर मात्र दुसरा बघ.’ एखादा होतकरू मुलगा माहीत असेल तर त्याचा नंबर द्या. त्यालाही काम मिळतं. एक-दोघे रुसतील. दिवाळीपर्यंत विसरतील.

एवढं झालं की मग कॅमेरा बाहेर काढा.

पहिल्या दिवशी गंमत होते, सांगून ठेवतो. काय काढावं ते सुचत नाही. इतकी वर्षं कुणीतरी सांगत होतं, ‘आता हार घालताना घ्या, आता सासूबाईंबरोबर घ्या.’ आता सांगणारं कुणी नाही. मी प्रीतिसंगमावर गेलो. समोर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, असा देखावा. आणि मी घाटावर बसलेल्या एका जोडप्याकडे बघून मनात म्हणत होतो, ‘जरा हनुवटी वर.’ एकही फोटो न काढता घरी आलो. तुमचंही असं झालं तर घाबरू नका. सवय जायला वेळ लागतो.

लांब जाऊ नका. कासची फुलं, रायगडावरचा सूर्योदय हे सगळं आहेच, कुठे पळून जात नाही. घरापासून सुरुवात करा. सकाळी ओट्यावर ऊन कुठून येतं? उन्हाळ्यात ते कुठे सरकतं? भाजीवालीच्या तराजूवर दुपारी कसली सावली पडते? लग्नात फ्लॅश मारून मारून आपण ऊन बघायचंच विसरलेलो असतो. महिनाभर फ्लॅश कपाटात ठेवा.

दादासाहेब फाळके हेही आधी फोटोग्राफर. गोध्र्यात त्यांचा स्टुडिओ होता. पुढे छपाईचा धंदा केला, भागीदाराशी पटलं नाही, सोडला. 1912 साली लंडनहून सिनेमाचा कॅमेरा आणल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी काय चित्रित केलं? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. थोडं थोडं करत, दिवसामागून दिवस. आता त्यात भांडवल मिळवायचा हेतू होता, म्हणजे तोही धंदाच म्हणा. तरी रोज एका कुंडीसमोर बसायचं, तर ती कुंडी आवडावी लागते.

अमेरिकेतले सॉल लायटर हे तर आपल्याच जातकुळीतले. मासिकांसाठी फॅशनचे फोटो काढून पोट भरायचे. 1981 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचा आपला स्टुडिओ बंद केला. पण धंद्याच्या जोडीने ते कितीतरी वर्षं राहत्या घराच्या आसपास स्वतःसाठी फोटो काढत आले होते. पावसाने ओघळलेल्या काचा, लाल छत्र्या, बर्फातली माणसं. त्या रंगीत फोटोंचं पुस्तक निघालं 2006 मध्ये, ते 82 वर्षांचे असताना. तोवर त्यांतले बहुतेक फोटो खोक्यांतच होते. पुस्तक निघावं म्हणून मी हे सांगत नाही. बहुतेकांचं निघत नाही. त्यांचा विषय गल्लीपासून फार दूर गेला नाही, एवढंच लक्षात घ्या.

संख्येवर बंधन घाला. आपल्या वेळी एका रोलमध्ये 36 फोटो असायचे. आठवड्याला तेवढेच काढा. लग्नात तीन-तीन हजार काढायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला हात शिवशिवतो. पण 36च आहेत म्हटलं की बोट दाबायच्या आधी डोळा काम करतो.

काढलेले फोटो त्याच रात्री मोबाइलवरून सगळ्यांना पाठवू नका. आठ दिवस तसेच ठेवा. मग बघा. महिन्यातून दोन-तीन छापून घ्या. साध्या पोस्टकार्डाएवढे पुरेत. छापलेला फोटो कपाटाला चिकटवला की येता-जाता त्यातली चूक दिसते. बायकोलाही दिसते, आणि ती सांगते. लोकांच्या अंगठ्यांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढाल तर विचारून काढा. लहान मुलांचा त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय नको. घरट्यातल्या पिल्लांचा तर नकोच, पक्षी घरटं सोडून जाऊ शकतो. आपल्याला आता कुणाला काही पोचवायचं नाही. एक फोटो सोडला तर काही बिघडत नाही. धंद्यात ही चैन नव्हती.

चार-सहा महिन्यांत कुणीतरी म्हणेल, ‘छान काढता, विकत का नाही?’ बरं वाटेल. हसून चहा पाजा आणि विषय बदला. निदान एक वर्षभर तरी एकही फोटो विकू नका. नंतरचं नंतर बघता येईल.

आणि एक काम याच रविवारी करा. जुने अल्बम काढून बघा, तुमच्या स्वतःच्या घरचे किती फोटो आहेत. गावभर लग्नं काढलेल्या माणसाच्या घरी ते फार थोडे निघतात. जे निघतात, त्यांत तो स्वतः नसतो, कारण तो कॅमेऱ्यामागे असतो. माझ्या मुलीच्या पहिलीपासून दहावीपर्यंतच्या फोटोंत मी फक्त दोनदा आहे. एकात तर नुसता खांदा.

तेव्हा सगळ्यांना अंगणात बोलवा. आईला खुर्ची द्या. कॅमेरा तिवईवर ठेवून टायमर लावा. दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात जाऊन आईशेजारी उभं राहता येतं.