असीरचे सात कैदी

बहादरपूरची बरीच मुले आमच्या कॉलेजात शिकायला येतात. गावाला हे नाव कशावरून पडले असे वर्गात विचारले की एखादाच हात वर होतो. खानदेशचा शेवटचा फारुकी सुलतान बहादुरशाह, त्याने वसवले म्हणून बहादरपूर. या बहादुरशाहाचे पुढे काय झाले, हे सांगायला मात्र तो एक हातही वर होत नाही. अकबराने त्याला कैद करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर धाडले आणि आपल्या राज्यात तो परत आला नाही. म्हणजे आपण रोज ज्या गावाचे नाव घेतो, ते एका युद्धकैद्याचे नाव आहे.

तो जिथे हरला तो असीरगड आपल्या उशाशीच आहे. असीरगड म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतो तो अश्वत्थामा. पहाटे गडावरच्या महादेवाला कुणीतरी ताजे फूल वाहून गेलेले असते, कपाळावर भळभळती जखम घेऊन कुणीतरी तेल मागत फिरते, या गोष्टी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. पण या गोष्टीतला एक भाग सहसा सांगायचा राहतो. भागवतात अर्जुन अश्वत्थाम्याला दोराने बांधून द्रौपदीपुढे आणून उभा करतो. तिची पाचही मुले त्याने झोपेत मारलेली. भीम म्हणतो, ठार करा. आणि द्रौपदी म्हणते, सोडा त्याला. तो निर्दोष आहे असे ती म्हणत नाही. त्याची आई कृपी अजून जिवंत आहे आणि मी रडते आहे तसे तिने रडू नये, एवढेच तिचे म्हणणे. अखेर त्याच्या डोक्यावरचा मणी काढून घेऊन त्याला हाकलून देतात. क्षमा झाली, पण खूण राहिली.

याच गडाशी जोडलेली दुसरी क्षमेची गोष्ट इतिहासातली आहे, आणि ती ख्रिस्ती पाद्र्याची आहे. आपल्या भागात ती फारशी कुणी सांगत नाही.

सन १६०० च्या उन्हाळ्याच्या तोंडावर अकबर बऱ्हाणपुरात आला आणि असीरला वेढा पडला. त्याच्या छावणीत दोन जेझुइट होते. एक फादर जेरोम झेवियर, म्हणजे गोव्यात ज्यांचे शव ठेवलेले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या बहिणीचा नातू. दुसरा बेंतो द गोइश, जो पुढे जमिनीच्या वाटेने चीनला निघाला आणि तिथेच १६०७ मध्ये वारला. गड काही केल्या पडेना. वर धान्य मुबलक, तोफा भरपूर. तेव्हा अकबराने झेवियरला सांगितले, चौलच्या पोर्तुगिजांना लिहा आणि त्यांच्या तोफा मागवा. झेवियर म्हणाला, हे आमच्या धर्मात बसत नाही. बादशहा इतका संतापला की त्याने दोघांना दरबारातून निघून जायला सांगितले. मग राग निवळला. खरी अडचण धर्माइतकीच राजकारणाची होती, कारण पोर्तुगिजांचा बहादुरशाहाशी तह होता. पाद्रीही माणूसच, आणि गोव्याचे मीठ खाल्लेला.

१७ जानेवारी १६०१ रोजी गड मोगलांच्या हाती आला. कसा आला यावर आजही एकमत नाही. दरबारी बखरकार म्हणतात, गडावर रोगराई पसरली आणि लोक शरण आले. जेझुइट वृत्तांत म्हणतो, बहादुरशाहाला अभयवचन देऊन खाली बोलावले आणि धरून ठेवले, मग वरच्या सरदारांना सोने चारले. व्हिन्सेंट स्मिथ या इतिहासकाराने दुसरी हकीकत खरी मानली, त्याच्यानंतरच्या अनेकांनी ती खोडून काढली. मला दोन्हींत थोडेथोडे तथ्य वाटते.

गडाच्या तोफखान्यावर सात पोर्तुगीज अधिकारी होते. जन्माने ख्रिस्ती, पण सुलतानाच्या चाकरीत येऊन मुसलमान झालेले. पकडून आणल्यावर अकबराने त्यांना खडसावले, की ख्रिस्ती म्हणून जन्मून तुम्ही आपला धर्म टाकलात, तुम्ही मरणाच्याच लायकीचे. स्वतः मुसलमान असलेल्या बादशहाने हे म्हणावे, ही या गोष्टीतली गंमत. झेवियर पुढे झाला. हे सात जण मला द्या, असे त्याने मागितले. अकबराने दिले. काही दिवसांत ते पुन्हा ख्रिस्ती धर्मात परतले.

वर्गात ही गोष्ट सांगितली की कुणीतरी चटकन विचारते, सर, मग ही क्षमा कसली, हा तर व्यवहार झाला! जीव घ्या आणि धर्मात परत या. प्रश्न रास्त आहे. गडावर तोफांशी सातच माणसे नव्हती. एतद्देशीय गोलंदाज होते, हबशी किल्लेदार होता, फारुकी घराण्यातले कोंडून ठेवलेले राजपुत्र होते. त्यांच्यासाठी झेवियरने पदर पसरल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. त्याची करुणा आपल्या माणसांपुरती होती. पण दुसरी बाजूही बघा. झेवियरच्या दृष्टीने हे सात जण परके नव्हते, त्याहून वाईट होते. धर्म सोडून गेलेले. परक्याला माफ करणे एकवेळ सोपे, घर सोडून गेलेल्याला अवघड. आपापल्या भाऊबंदकीचे अनुभव आठवले तर हे कुणाला सांगायला नको. उधळ्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट नेमकी इथलीच आहे. याच झेवियरने पुढच्याच वर्षी, १६०२ मध्ये, येशूचे फारसी चरित्र अकबराला सादर केले. आणि त्याच काळात, त्याच संघाचा फादर स्टीफन्स गोव्यात होता. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, आणि ही सारी शिकवण मराठी ओवीत आली.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर असीरनंतर जवळजवळ ३६१ वर्षांनी तिथे काय घडले तेही सांगतो. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली आणि गव्हर्नर जनरल वास्सालो इ सिल्वा यांच्यासह सुमारे ३,३०० पोर्तुगीज सैनिक आपले युद्धकैदी झाले. सुरुवातीला सिमेंटच्या जमिनीवर झोपणे आणि अंगमेहनत, मग फोंड्याच्या छावणीत जरा बरी सोय. १९ मार्च १९६२ रोजी काही कैदी कचऱ्याच्या ट्रकमधून पळू पाहत होते, ते पकडले गेले. वातावरण तापले. त्यांच्या अधिकाऱ्यांना कोर्टमार्शलची, मृत्युदंडाची धमकी मिळाली. तेव्हा कैद्यांबरोबरचे जेझुइट पाद्री फेरैरा द सिल्वा मध्ये पडले आणि प्रसंग टळला. या वेळी पाद्र्याच्या पाठीशी १९४९ चा जिनिव्हा करारही होता. झेवियरपाशी फक्त त्याची जीभ होती.

मे १९६२ पर्यंत बहुतेक कैदी कराचीमार्गे बोटींनी लिस्बनला पोचले. तिथे धक्क्यावर त्यांच्या स्वागताला लष्करी पोलीस बंदुका रोखून उभे. बायकामुलांना लगेच भेटू दिले नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा सालाझारचा हुकूम होता आणि हे जिवंत परत आले, हाच त्यांचा गुन्हा! १९६३ मध्ये वास्सालो इ सिल्वा यांना सैन्यातून काढून टाकले. शत्रूने सोडले, घरच्यांनी नाही.

आपल्या मोहन रानड्यांनाही सालाझारने सोडले नाही. गोव्यात मराठी शिकवणारा हा सांगलीचा तरुण १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडला गेला. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज कैदी घरी गेले, तरी रानडे लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातच. सुधीर फडके, पु. ल. देशपांडे यांनी सुटकेसाठी समिती केली. १९६८ मध्ये तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई रोमला गेले, तेव्हा त्यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे रानड्यांसाठी शब्द टाकला. नास्तिक म्हणून ओळखला जाणारा द्रविड नेता, एका मराठी माणसासाठी, पोपकडे! जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. पण अण्णादुराईंना भेटून आभार मानणे त्यांच्या नशिबी नव्हते. फेब्रुवारीतच अण्णा गेले.

पोर्तुगालमधली हुकूमशाही १९७४ मध्ये कोसळल्यावर वास्सालो इ सिल्वा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते पुन्हा गोव्याला आले, या वेळी पाहुणे म्हणून, आणि गोवेकरांनी त्यांचे स्वागत केले.